अकराव्या पावलाचा नमस्कार

पिवळ्या बेल्टच्या परीक्षेत, काताच्या अकराव्या पावलाला, मी लाथ मारली आणि मग हवेला नमस्कार केला.

हात चुकून वर गेला असं म्हणायची सोय नाही. लाथ मारून पाय खाली ठेवला, कमरेत जरा वाकलो, उजवा हात पुढे नेऊन समोर जे नव्हतं त्याला स्पर्श केला, तोच हात कपाळाला लावला आणि बाराव्या पावलाला लागलो. सगळं अगदी तालात. त्या दिवशीच्या माझ्या कामगिरीत न अडखळता पार पडलेली तेवढी एकच हालचाल, आणि नेमकी तीच कातात नाही.

काता म्हणजे काय, ते मलाही बावन्नाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. समोर कोणी नसताना चारी दिशांच्या काल्पनिक शत्रूंशी ठरलेल्या क्रमाने लढायचं. अडवा, ठोसा मारा, वळा, लाथ मारा. वीस पावलं, आणि जिथून सुरुवात केली तिथेच येऊन संपवायचं. आमचे पूर्वज संस्थानाच्या दप्तरात लेखणी चालवायला इंदुरात आले, तेव्हापासून घराण्यात कोणी कुणावर हात उचलल्याची नोंद नाही. त्यामुळे शत्रू काल्पनिक आहेत हे कळल्यावर मला बराच धीर आला होता.

कराटेच्या क्लासात आधी गेली ती बायको. ती शाळेत गणित शिकवते. दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर सहज म्हणून गेली आणि तिथलीच झाली. मी तेव्हा बरेच विनोद केले. पोळ्या लाटताना आता आरोळी ठोकणार का, वगैरे. एके दिवशी तिने मला समोर उभं केलं, उशी छातीशी धरायला सांगितली आणि उशीवर एक ठोसा मारला. मी सोफ्यावर बसलो. बसायचं ठरवलं नव्हतं.

पण मी क्लासात गेलो तो त्या ठोशामुळे नाही. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली होती आणि घर एकदम पाय वाजले तर ऐकू येतील असं झालं होतं. संध्याकाळी मी आणि आई टीव्हीसमोर, आणि आठच्या सुमाराला बायको क्लासातून यायची. दार उघडताना तिच्या तोंडावर अजून हसू असायचं, तिथेच कुठेतरी सुरू झालेलं, जिन्यात संपत आलेलं. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणायची, काही नाही हो, तिथली गंमत, सांगून नाही येणार. ती गंमत जिथे होत होती तिथे मला जायचं होतं. एवढंच माझं युद्धकलेबद्दलचं आकर्षण.

गेलो, तर कळलं की तिथे जाता येत नाही.

आमचे सर महूचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, रोज मोटरसायकलवर इंदूरला येऊन-जाऊन करतात. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मधे पोटापाशी जरा थांबले, आणि सांगितलं की संध्याकाळची बॅच पिवळ्या बेल्टपासून पुढे. पांढरा बेल्ट सकाळी सहाला, लहान मुलांबरोबर. मी म्हटलं, सर, मेरी वाइफ शाम को आती है, स्कूटर एकच आहे. हिंदी-मराठीची ही आमची नेहमीची खिचडी, इंदुरात सगळ्यांना पचते. सरांना पचली, पण नियम मोडणं पचवायला ते तयार नव्हते.

"सफेद बेल्ट सुबह, भाईसाब. उमर कोई भी हो."

तर मी सकाळच्या रांगेत उभा राहू लागलो. माझ्या उजवीकडे आठ वर्षांची एक दोन वेण्यांची मुलगी, तिच्या पलीकडे दोन भाऊ, त्यांची उंची माझ्या पट्ट्याच्या गाठीपर्यंत. मुलगी मला पहिल्याच दिवशी म्हणाली, अंकल, तुम्ही कुणाला सोडायला आलात? मी म्हटलं, स्वतःला. तिने ते मान्य केलं आणि माझा बेल्ट सोडून पुन्हा बांधून दिला, कारण मी तो पायजम्याच्या नाडीसारखा बांधला होता.

पहिले चार महिने फक्त बेसिक. पुढचा गुडघा वाकवून उभं राहायचं आणि ठोसा मारायचा. मी ठोसा मारतो तो पुढे जाणाऱ्या हाताने, असा माझा समज. सर म्हणायचे, ठोसा मागे येणाऱ्या हातात आहे. एक हात पुढे जाताना दुसरा तितक्याच जोराने मूठ आवळून कमरेला आला पाहिजे. मला हे तत्त्वज्ञान वाटलं, म्हणून मी मान डोलावली आणि सोडून दिलं. माझा मागचा हात कमरेशी जाऊन सैल पडायचा, बसस्टॉपवर उभ्या माणसाचा असतो तसा. हे नीट लक्षात ठेवा, पुढे उपयोगाला येणार आहे. मी ठेवलं नाही.

ऑफिसात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मी एका आर्किटेक्टकडे नकाशे काढतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी गौतमपुऱ्याचा. त्यांच्याकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही बाजूंनी एकमेकांवर जळते हिंगोट, म्हणजे फटाक्याची दारू ठासलेली फळं, फेकतात आणि ढाल घेऊन उभे राहतात. त्याने माझी वीस पावलं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "भिया, सामने वाला आता कब है?"

मग काता सुरू झाला, आणि क्लासात जेवढं होतं तेवढ्याने भागेना म्हणून मी घरी सराव करू लागलो. माणूस नकाशे काढणारा असल्यामुळे आधी काताचा नकाशा काढला. मोजमापासकट. तो आमच्या बैठकीच्या खोलीवर ठेवून पाहिला तर सगळं बसत होतं, फक्त अकरावं पाऊल आईवर येत होतं.

आई ऐंशीच्या घरात आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती दिवाणावर बसते आणि उजवा पाय समोरच्या स्टुलावर लांब करते. मी दिवाण दोन फूट सरकवू का म्हणून विचारलं. तिने नाही म्हटलं. त्या जागेवरून तिला टीव्ही, दरवाजा आणि गॅसवरचं दूध, तिन्ही दिसतात. तुझं ते नाचणं आणखी कुठेही होऊ शकतं, दूध गॅसवरच असतं. गॅलरीत वॉशिंग मशीन, गच्चीला सोसायटीचं कुलूप. राहिलो मी बैठकीतच.

रोज संध्याकाळी बायको तिच्या बॅचला गेली की मी चपला दिवाणाखाली सरकवायचो आणि अनवाणी सुरू करायचो. आई मेथी निवडत असायची. दहा पावलं सुखरूप व्हायची. अकराव्याला डावीकडे वळून समोर लाथ, आणि तिथे स्टूल, स्टुलावर आईचा पाय. माझा पाय कधी तिच्या पायाला, कधी स्टुलाच्या कडेला लागायचाच. आता आईला पाय लागल्यावर माणूस काय करतो? वाकतो, हात लावतो, कपाळाला नेतो. लहानपणी वहीला पाय लागला तरी हेच केलेलं. आई मेथीतून मान न काढता म्हणायची, असू दे, असू दे. मी बाराव्या पावलाला लागायचो.

पाच महिने, दिवसाला सात-आठ वेळा. हिशेब तुम्हीच करा, मला लाज वाटते.

तुम्ही विचाराल, मग क्लासात हा प्रकार कुणाच्या ध्यानात कसा आला नाही? कारण क्लासात सर मोजायचे. एका आकड्याला एक पाऊल. आकडा आला नाही तर शरीर थांबून राहतं. बारा म्हणेपर्यंत मला इकडेतिकडे जायची मुभाच नव्हती. परीक्षेत मोजत नाहीत. आपल्या चालीने करा म्हणतात. आणि माझी अशी चाल एकच होती, ती घरची.

परीक्षा महूला होती, एका मोठ्या हॉलमध्ये. परीक्षक जबलपूरहून आलेले, सडपातळ, चष्म्यातले, आवाज इतका हळू की सगळे आपोआप पुढे झुकायचे. हिरव्या बेल्टवाल्यांना मदतीला बोलावलं होतं, त्यामुळे बायको रांगा लावत होती. तिने मला डाव्या टोकाला उभं केलं, गणवेशाची कॉलर सरळ केली आणि पुटपुटली, "उद्यापासून संध्याकाळी. मी सरांना सांगून ठेवलंय." म्हणजे पास होणं धरलेलंच होतं तिने. गणिताच्या बाईंना उत्तर माहीत असतं, फक्त रीत लिहायची बाकी. नापास झालो तर पुढची परीक्षा सहा महिन्यांनी, म्हणजे आणखी सहा महिने पहाटेची अंगणवाडी आणि संध्याकाळी जिन्यात संपत आलेलं हसू.

आम्ही चौघं एकत्र: मी, वेण्यांची मुलगी आणि ते दोघं भाऊ.

आता जरा नकाशा समजून घ्या. चौघं आडव्या रांगेत, मी डाव्या टोकाला. अकराव्या पावलाला सगळे डावीकडे तोंड करतात. म्हणजे रांग एकामागे एक अशी होते आणि सगळ्यांच्या पुढे मी. मागच्या तिघांना माझ्या पाठीशिवाय काही दिसत नाही. आणि मोजणारं कोणी नसलं की मुलं काय करतात? मोठ्या माणसाकडे बघतात.

मी लाथ मारली, वाकलो, हवेला हात लावून कपाळाला नेला. मागे मुलीने तोच नमस्कार केला. तिच्या मागे थोरल्याने, मग धाकट्याने. धाकट्याने तर दोन्ही हात जोडून केला, तो चांगल्या घरातला मुलगा आहे.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी मोठ्या उत्साहात शेवटपर्यंत गेलो, आरोळी ठोकली, जिथून निघालो तिथेच येऊन उभा राहिलो. हॉलमध्ये शांतता होती. ती मला कौतुकाची वाटली, हेही आता सांगून टाकतो. मग भिंतीजवळ उभे असलेले आमचे सर दिसले. फौजेत त्यांनी काय काय पाहिलं असेल कुणास ठाऊक, पण हे पाहिलं नव्हतं.

परीक्षक उठून माझ्यापाशी आले.

"ये क्या था?"

काय, ते मला कळेना. त्यांनी माझ्यासमोर हळूच वाकून हात कपाळाला लावून दाखवला, आणि मला एका क्षणात आमचा दिवाण, स्टूल, मेथीची जुडी, सगळं दिसलं.

"सर, नमस्ते."

"किसको?"

"माताजी को."

त्यांनी प्रेक्षकांच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. "कहाँ हैं?"

"घर पे, सर. इंदौर में."

एवढ्यावर कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. परीक्षकांनी मुलांकडे वळून विचारलं, तुम्ही का केलात? मुलगी न घाबरता म्हणाली, "हमको लगा नया स्टेप है."

माझ्या पायाखालची फरशी तेव्हा गार पडली. माझं जे व्हायचं ते होवो, पण ही तिघं माझ्या आईच्या गुडघ्यापायी नापास होणार होती. मी तोंड उघडलं आणि सगळं सांगून टाकलं. बैठकीची लांबी, दिवाण, ऑपरेशन, स्टूल, दूध. नको तेवढं सांगितलं असावं, कारण मधे सर दोनदा खोकले. मुलांची काही चूक नाही म्हणालो. परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला, आणि मुलांना माझ्याशिवाय पुन्हा करायला सांगितलं. तिघांनी चोख केला. अकराव्याला मुलीने मान इंचभरही हलवली नाही, आणि संपल्यावर माझ्याकडे अशी नजर टाकली की बघ, असं असतं.

मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, "आप सबसे आखिर में. बिना गिनती के. हाथ उठा, तो छह महीने बाद मिलेंगे."

मधल्या वेळात मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. शंभर वेळा मनात म्हटलं, हात वर न्यायचा नाही, न्यायचा नाही. आणि करून पाहिलं की हात वर. पुन्हा केलं, पुन्हा वर. शरीराला एकदा काही शिकवलं की ते विचारत नाही बरोबर का चूक, ते फक्त विचारतं किती वेळा. हे ज्ञान मला तिथे, महूच्या व्हरांड्यात, एका पाण्याच्या टाकीला चार वेळा नमस्कार केल्यावर झालं.

बायको आली. मला वाटलं रागावेल. ती भिंतीला टेकून उभी राहिली, ओठ घट्ट मिटलेले, खांदे हलत होते. रडतेय की काय म्हणून जवळ गेलो तर हसत होती. अगदी तेच हसू, दार उघडतानाचं. फक्त आज ते मी समोर असताना, आणि माझ्यामुळे.

"झालं हसून?" मी म्हटलं.

"नाही अजून. पण टाइम नाही. हात दाखवा." तिने माझा उजवा हात धरून कमरेशी आणला. "बघा, मूठच नाही. उघडा पंजा आहे. उघडा हात नमस्कारच करणार ना? मूठ आवळा. अजून. नखं रुतेपर्यंत. आता तो कुठेही जाणार नाही."

मागच्या हाताबद्दल सरांनी चार महिने हेच सांगितलं होतं. मी तत्त्वज्ञान समजून सोडून दिलं होतं. ते तर नुसतं हात बांधून ठेवण्याबद्दल होतं.

शेवटी माझं नाव पुकारलं. हॉल मोठा, मी एकटा. मुलं कडेला मांडी घालून बसलेली, आता मला पाहायला. दहा पावलं झाली. डावीकडे वळलो, लाथ मारली, पाय खाली ठेवला. उजवी मूठ कमरेशीच होती. मी ती इतकी आवळली होती की अंगठा बधीर झाला. हात जागचा हलला नाही. बारा, तेरा, चौदा. वीसला आरोळी. ती जरा मोठी निघाली, धाकट्याने कान झाकले.

परीक्षकांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग पहिल्यांदाच थोडं हसून म्हणाले, "हाथ नहीं उठा. गर्दन झुकी थी, वो मैंने नहीं देखी."

पास.

सरांनी पिवळा बेल्ट माझ्या हातात देताना कानाशी सांगितलं की संध्याकाळच्या बॅचमध्ये जोडीने सराव असतो, समोर खराखुरा माणूस उभा असतो, त्याला आधी लाथ, मग नमस्कार चालणार नाही. मी 'ओस' म्हणालो, म्हणजे कराटेतलं 'जी सर'. वेण्यांची मुलगीही पास झाली होती, तिला शाळेच्या वेळेमुळे सकाळीच राहायचं होतं. ती म्हणाली, अंकल, आता तुमचा बेल्ट कोण बांधणार? मी बायकोकडे बोट दाखवलं. मुलीने तिला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि गाठ कशी मारायची ते तिला समजावून सांगितलं.

परत येताना स्कूटर बायकोने चालवली आणि मी मागे. ती वाटेतल्या राऊ गावापर्यंत अधूनमधून खांदे हलवत हसत होती आणि स्कूटर तिच्याबरोबर. सिग्नलला थांबलो की मागे वळून म्हणायची, "घर पे, सर. इंदौर में," आणि हिरवा दिवा निघून जायचा. घराजवळ उतरून आईसाठी गरम जिलबी घेतली.

आई जागेवरच होती. पाय स्टुलावर, मांडीवर मटारची परात. मी गेल्या गेल्या खरोखरचा वाकून नमस्कार केला, ठरवून, दोन्ही हातांनी. मग समोर बसून सगळं सांगितलं. लाथ, हवा, तीन मुलं, जबलपूरचे परीक्षक, मूठ. ऐकताना तिने जिलबीचं एक वेटोळं संपवलं, दुसरं घेतलं. मी म्हटलं, बघ आई, रोज लाथ मारताना तुझ्या पायाला पाय लागायचा ना, त्यानेच हा सगळा घोटाळा झाला.

आईचा हात जिलबीसकट थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली, दिवाणाखालच्या अंधाराकडे.

"लाथ होती होय रे ती? मी आपली इतके दिवस समजत होते, तू चपला शोधतोयस."